मधुमेह माघार घेऊं शकतो काय?

‘आमच्या घराण्यांतच आहे तो,’ हें वाक्य मधुमेहाविषयीं आपल्याकडे जितक्या सहजपणें उच्चारलें जातें, तितक्या सहजपणें दुसऱ्या कोणत्याहि रोगाविषयीं उच्चारलें जात नाहीं. आजोबांस होता, वडिलांस झाला, थोरल्या काकांचा पाय त्यापायींच गेला; तेव्हां चाळिशी उलटली कीं तो आपल्याहि दारांत येऊन उभा राहणार, असें गृहीत धरूनच मंडळी चालतात. आणि एकदां तो आला म्हणजे एका गोळीच्या दोन गोळ्या, दोहोंच्या तीन, व शेवटीं इन्शुलिनची सुई, असा हा जिना एकाच दिशेनें चढावयाचा असतो, अशी सर्वांची समजूत असते. या समजुतींतील घराण्याचा वांटा खोटा नाहीं. आईबापांस मधुमेह असल्यास मुलांस तो होण्याचा संभव वाढतो, हें निर्विवाद आहे. परंतु जिना एकाच दिशेचा आहे, हें म्हणणें मात्र अलीकडच्या संशोधनापुढें टिकलेलें नाहीं. रोग नवा असतां योग्य उपाय झाल्यास अनेकांना तो जिना उतरतां येतो, हें आतां प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. हें कसें घडतें, कोणास साधतें, कोणास साधत नाहीं, आणि त्यांत घरांतील इतर माणसांचा संबंध किती, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. मधुमेहाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारांत स्वादुपिंडांतील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशी शरीराच्याच संरक्षक यंत्रणेकडून नष्ट होतात. तो बहुधा बाल्यांत वा तारुण्यांत प्रकट होतो. त्या रोग्यांस बाहेरून दिलेलें इन्शुलिन हेंच जीवन होय, व तें एक दिवसहि बंद करणें म्हणजे प्राणाशीं खेळणें होय. पुढील विवेचन त्यांच्याविषयीं नाहीं. तें आहे प्रौढ वयांत हळूहळू येणाऱ्या दुसऱ्या प्रकाराविषयीं; आपल्या घरांतून जो आढळतो तो बहुतेक हाच.

या रोगाचा पसारा केवढा आहे, तें सांगण्यास दोन आंकडे पुरे आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्यानें झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांवरून देशांत सुमारें १० कोटि १० लक्ष लोक मधुमेही असून आणखी १३ कोटि ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत, असा अंदाज निघाला. त्याच पाहणींत सर्व राज्यांत रोगाचें प्रमाण अधिकांत अधिक आढळलें तें आपल्या शेजारच्या गोव्यांत. तेथें शंभर प्रौढांमागें सव्वीसांहून अधिक मधुमेही निघाले.

जुन्या वैद्यांनीं काय पाहिलें होतें

ज्यांनीं आपल्या वैद्यकाचे मूळ ग्रंथ चाळले आहेत, त्यांस प्रमेहाचा अध्याय अपरिचित नसेल. रोग्याच्या मूत्रास मुंग्या लागतात, हें चरकाच्या ग्रंथांत नमूद आहे. प्रमेहाचे वीस प्रकार सांगून त्यांत मधुमेहाची गणना केलेली आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, सुश्रुतानें प्रमेहाचे दोन वर्ग पाडले : एक जन्मतःच आलेला, व दुसरा अपथ्यानें ओढवून घेतलेला. पहिल्याचा रोगी कृश, रूक्ष, थोडें खाणारा व सदा तहानलेला. तर दुसऱ्याचा स्थूल, पुष्कळ खाणारा, आणि बसण्यानिजण्याची आवड असलेला. दोघांची चिकित्साहि निराळी. आणि या दुसऱ्या वर्गांतील जो रोगी निर्धन असेल, त्यास ग्रंथकार काय सांगतो? पायांत वहाणा नाहींत, डोक्यावर छत्री नाहीं, अशा स्थितींत भिक्षा मागून खावें, एका गांवीं एकच रात्र राहावें, आणि मुनीप्रमाणें संयमानें शंभर योजनें वा त्याहूनहि अधिक चालावें. ज्यास हें साधत नसेल त्यानें विहीर खणावी!

येथें एका मोहापासून सावध राहिलें पाहिजे. सारें कांहीं आमच्या पूर्वजांस ठाऊकच होतें, असें म्हणून समाधान मानण्याची आपणांस खोड आहे. स्वादुपिंडाचें कार्य वा इन्शुलिन हें प्राचीनांस ठाऊक नव्हतें, आणि पहिल्या प्रकारच्या रोग्यास वांचविण्याचें साधन त्यांच्याजवळ नव्हतें. तें साधन टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं १९२१ सालीं शोधिलें, आणि जानेवारी १९२२ मध्यें चौदा वर्षांच्या एका मुलास तें प्रथम टोंचण्यांत आलें. तथापि स्थूल रोग्यास माधुकरीचें मोजकें अन्न व अखंड चालणें सांगण्यांत जें निरीक्षण आहे, त्याचें मर्म आज नव्यानें उलगडत आहे.

पांच खुणा, एक मूळ

पुष्कळ वर्षें मधुमेह म्हणजे ‘साखरेचा रोग’ असेंच समजलें जाई. त्यामुळें साखर मोजावयाची, साखर उतरवावयाची, एवढेंच चिकित्सेचें लक्ष्य असे. १९८८ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरल्ड रीव्हन यांनीं आपल्या व्याख्यानांत एका वेगळ्याच गोष्टीकडे बोट दाखविलें. रक्तदाब, रक्तांतील बिघडलेले स्निग्ध पदार्थ व वाढती शर्करा हे विकार एकाच माणसाच्या ठायीं वारंवार एकत्र आढळतात. हा योगायोग नसून, इन्शुलिन असूनहि शरीर त्यास दाद देत नाहीं, हें या साऱ्यांचें समान मूळ असावें, असें त्यांनीं प्रतिपादिलें. त्या विकारसमूहास पुढें मेटाबॉलिक सिंड्रोम हें नांव रूढ झालें. मराठींत आपण त्यास चयापचयाचा विकारसमूह म्हणूं.

त्याच्या खुणा पांच आहेत. भारतीय पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटर व स्त्रीचा ८० सेंटिमीटर, किंवा अधिक; रक्तांतील ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक; हितकारक मानलें जाणारें एचडीएल पुरुषांत ४० च्या व स्त्रियांत ५० च्या खालीं; रक्तदाब १३० वर ८५, यांपैकीं एक तरी आंकडा गांठलेला; आणि उपाशीपोटीची रक्तशर्करा १०० किंवा अधिक. यांपैकीं कोणत्याहि तीन खुणा ज्याच्या ठिकाणीं आढळतील, त्यास हा विकार आहे असें समजावें. अशा माणसास मधुमेह अद्याप झालेला नसला, तरी मधुमेह व हृद्रोग या दोहोंची वाट त्याच्या अंगणांतूनच जाते.

कणगी भरली म्हणजे

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. शरीर इन्शुलिनला दाद कां देत नाहीं? इंग्लंडांतील न्यूकॅसल विद्यापीठाचे प्राध्यापक रॉय टेलर यांनीं २००८ सालीं याविषयीं एक उपपत्ति मांडली. ती समजण्यास आपल्या जुन्या घरांतील धान्याच्या कणगीचा दृष्टान्त उपयोगी पडेल. पीक चांगलें आलें कीं धान्य कणगींत भरतात. कणगी भरली तरी गाड्या येतच राहिल्या, तर पोतीं ओटीवर रचावीं लागतात. मग माजघरांत, आणि अखेरीस स्वयंपाकघरांत व देवघरांत. तेव्हां चुलीपाशीं बसावयास जागा उरत नाहीं व देवापुढें दिवा लावणें दुरापास्त होतें. धान्य वाईट नव्हे. तें जेथें असूं नये तेथें आहे, हा दोष.

आपल्या शरीरांत त्वचेखालील मेद ही कणगी होय. ती भरल्यावर जास्तीचा मेद यकृतांत सांचूं लागतो. मेदानें भरलेलें यकृत इन्शुलिनचा हुकूम ऐकत नाहीं, आणि रात्रंदिवस रक्तांत शर्करा सोडीत राहतें. तिला आवर घालण्यासाठीं स्वादुपिंड अधिक इन्शुलिन सोडतें, आणि त्या अधिक इन्शुलिनमुळें यकृतांत आणखी मेद तयार होतो. पुढें तोच मेद रक्तावाटे स्वादुपिंडापर्यंत पोंचून इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींस निस्तेज करतो. हें दुहेरी चक्र वर्षानुवर्षें मुकाट्यानें फिरत असतें, आणि एके दिवशीं तपासणींत साखर निघते.

उपपत्ति खरी असेल, तर पोतीं बाहेर काढल्यावर घर पुन्हां चालूं लागलें पाहिजे. टेलर यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अकरा रोग्यांस आठ आठवडे दिवसास सुमारें ६०० कॅलरींचा अत्यल्प आहार दिला. एका आठवड्यांतच त्यांची उपाशीपोटीची रक्तशर्करा सामान्य झाली. यकृतांतील मेद झपाट्यानें उतरला. आणि आठ आठवड्यांअखेर स्वादुपिंडाची इन्शुलिन सोडण्याची शक्तीहि परत आली. ज्या पेशी मेल्या असें समजत होतों, त्या बहुतांशीं निद्रिस्त होत्या, असा याचा अर्थ.

अकरा माणसांवरून सिद्धांत होत नाहीं. म्हणून स्कॉटलंडांत व उत्तर इंग्लंडांत, मोठ्या इस्पितळांत नव्हे तर नेहमींच्या कुटुंब-डॉक्टरांच्या दवाखान्यांतून, सुमारें तीनशें रोग्यांवर मोठा प्रयोग झाला. २०१७ सालीं त्याचे निष्कर्ष बाहेर आले. सहा वर्षांच्या आंत निदान झालेले व इन्शुलिन न घेणारे असे हे वजनदार रोगी होते. निम्म्यांस नेहमींचे उपचार चालू ठेविले. निम्म्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशीं थांबवून तीन ते पांच महिने सुमारें साडेआठशें कॅलरींचा आहार दिला, आणि मग क्रमाक्रमानें नेहमींच्या अन्नावर आणलें. वर्षाअखेर दुसऱ्या गटांतील शेंकडा ४६ रोग्यांचा मधुमेह गोळ्यांवांचून मागें हटलेला होता. पहिल्या गटांत हें प्रमाण शेंकडा अवघें ४ होतें. ज्यांचें वजन १५ किलो वा अधिक उतरलें, त्यांच्यांत तर तें शेंकडा ८६ पर्यंत गेलें.

वैद्यकांत यास रेमिशन म्हणतात. ‘बरा झाला’ असें न म्हणतां हा निराळा शब्द योजण्यांत हेतु आहे, आणि म्हणूनच मींहि ‘माघार’ हा शब्द घेतला आहे. मधुमेहाच्या सर्व औषधांवांचून किमान तीन महिने गेल्यावर, मागील दोनतीन महिन्यांच्या शर्करेचें मान सांगणारी एच-बी-ए-वन-सी ही तपासणी ६.५ च्या खालीं राहिली, तर रोगानें माघार घेतली असें समजावें, अशी व्याख्या २०२१ सालीं जागतिक तज्ज्ञांनीं ठरविली. माघार घेतलेला शत्रु पुन्हां चालून येऊं शकतो. वरील प्रयोगांतहि दोन वर्षांनीं ४६ चे ३६ राहिले, आणि पुढें जसजसें वजन परत चढलें तसतसे ते आणखी कमी झाले. उतरलेलें वजन टिकविणें हीच खरी लढाई आहे.

बारीक अंगाची फसवणूक

येथें पुष्कळ वाचक म्हणतील, ‘आमच्या घरांत कोणी इतकें लठ्ठ नाहींच, तरी मधुमेह आलाच ना?’ हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचें उत्तर शोधण्यांत पुण्याचा वांटा मोठा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रिया व त्यांचीं मुलें यांचा दीर्घ अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांची तुलना इंग्लंडांतील साउदॅम्टन येथील बालकांशीं केली, तेव्हां असें दिसलें कीं, आपलें मूल सरासरीनें २.७ किलोचें तर तिकडचें ३.५ किलोचें, आपल्या मुलाचे स्नायु व अवयव लहान, पण पाठीच्या कातडीखालील मेद मात्र त्या मानानें फारसा कमी नाहीं. दिसावयास बारीक, आंतून मेदयुक्त, अशी ही घडण गर्भांतूनच येते.

डॉ. याज्ञिक यांनीं हीच गोष्ट २००४ सालीं एका विनोदी पण मार्मिक छायाचित्राच्या द्वारें जगापुढें मांडली. लंडनचे डॉ. जॉन यडकिन व ते स्वतः शेजारीं उभे आहेत. उंचीच्या मानानें वजन दाखविणारा अंक दोघांचाहि २२.३, म्हणजे दोघेहि सडपातळ. परंतु शरीरांतील मेद मोजला तर यडकिन यांचा शेंकडा ९.१ व याज्ञिक यांचा शेंकडा २१.२!

कणगीच्या भाषेंत सांगावयाचें तर आपल्यापैकीं पुष्कळांची कणगीच लहान आहे. ती लवकर भरते, आणि पोतीं माजघरांत लवकर येतात. बाहेरून घर मात्र नीटनेटकें दिसतें. म्हणून वजनाच्या कांट्यापेक्षां पोटाचा घेर आपणांस अधिक खरें सांगतो. आणि यांतून आशेची गोष्टहि निघते. २०२३ सालीं टेलर यांच्याच गटानें वीस सडपातळ मधुमेह्यांचें वजन सुमारें दशांशानें उतरविलें, तेव्हां त्यांतील चौदा जणांच्या रोगानें माघार घेतली. अर्थात् सर्व कृश मधुमेही एका जातीचे नसतात. कित्येकांच्या स्वादुपिंडांतच इन्शुलिन कमी असतें. अशांनीं आहार तोडला तर अपायच व्हावयाचा. आपण कोणत्या वर्गांतले, याचा निर्णय तपासणी करून डॉक्टरांनींच द्यावयाचा असतो. कृश व स्थूल रोग्यांची चिकित्सा वेगळी करावी, हें जुन्या वैद्यांचें सांगणें येथें आठवतें.

नवीं औषधें

औषधांच्या बाबतींतहि गेल्या कांहीं वर्षांत दृष्टि पालटली आहे. १९५७ साली फ्रान्समध्यें वापरांत आलेलें मेटफॉर्मिन हें स्वस्त व जुनें औषध आजहि पायाशीं आहे. परंतु नव्या औषधांकडून केवळ शर्करा उतरविण्याची अपेक्षा नसून हृदय व मूत्रपिंड राखण्याची आहे.

त्यांतील एका वर्गाची कथा मोठी मौजेची आहे. सफरचंदाच्या झाडाच्या सालींतून १८३५ सालीं फ्लोरिझिन नांवाचें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. तें दिलें असतां मूत्रावाटे शर्करा जाऊं लागते, असें पुढें दिसून आलें. त्याच मार्गानें जाऊन शास्त्रज्ञांनीं ग्लिफ्लोझिन नांवाचीं औषधें बनविलीं. मूत्रपिंड गाळलेली शर्करा परत रक्तांत घेतें. हीं औषधें तें दार लोटून घेतात आणि जास्तीची शर्करा मूत्रावाटे बाहेर जाऊं देतात. मूत्रांतील जी शर्करा हजारों वर्षें रोगाची खूण म्हणून पाहिली गेली, तीच आज उपाय म्हणून मुद्दाम घालविली जाते! २०१५ सालीं यांपैकीं एम्पाग्लिफ्लोझिनची परीक्षा हृद्रोग असलेल्या ७,०२० मधुमेह्यांवर झाली, तेव्हां हृदयविकारानें होणारे मृत्यु शेंकडा ३८ नीं कमी झालेले आढळले. मूत्रपिंडाच्या ऱ्हासासहि हीं औषधें आळा घालतात, हें नंतरच्या प्रयोगांनीं दाखविलें.

दुसरा वर्ग आंतड्यांतील संप्रेरकाची नक्कल करणाऱ्या औषधांचा. अन्न पोटांत गेलें कीं आंतडें जीएलपी-वन नांवाचें संप्रेरक सोडतें. तें इन्शुलिनला चालना देतें, जठर सावकाश रिकामें करतें, व मेंदूस ‘पुरे’ असा निरोप पोंचवितें. परंतु तें कांहीं मिनिटांतच नाहींसें होतें. टिकाऊ नक्कल सांपडली ती गिला मॉन्स्टर नांवाच्या विषारी सरड्याच्या लाळेंत. जॉन एंग या अमेरिकन डॉक्टरांनीं ती १९९२ सालीं शोधिली, आणि २००५ सालीं तिजपासून बनलेलें औषध अमेरिकेंत मान्य झालें. त्याच कुळांतील पुढचीं औषधें म्हणजे आठवड्यांतून एकदां टोंचावयाचें सेमाग्लुटाइड, आणि दोन संप्रेरकांचें काम एकत्र करणारें टिर्झेपाटाइड. हें दुसरें २०२५ पासून आपल्या देशांतहि आलें. मधुमेह नसलेल्या स्थूल माणसांवरील प्रयोगांत पहिल्यानें सरासरीनें शेंकडा १५ व दुसऱ्याच्या मोठ्या मात्रेनें सुमारें शेंकडा २० वजन उतरलें. पोटावरील शस्त्रक्रियेवांचून इतकें वजन उतरविणारें औषध यापूर्वीं नव्हतें.

तथापि या बातम्या ऐकून जे हुरळून जातात त्यांनीं दोन गोष्टी ध्यानीं घ्याव्या. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरांत उतरलेल्या वजनापैकीं सुमारें दोनतृतीयांश परत आलें. आणि वजनाबरोबर स्नायूहि झिजतात; वृद्धांस तर ही झीज मेदाइतकीच घातक. मळमळ, ओकारी, बद्धकोष्ठ हे त्रास निराळेच. म्हणजे औषध पोतीं बाहेर काढण्यास हात देतें, पण गाड्या पुन्हां दाराशीं येऊं न देणें हें काम घराचेंच राहतें.

घराचें काम

आपल्या देशांत दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकीं सरासरीनें शेंकडा ६२ पिष्टमय पदार्थांतून व साखरेंतून येतात, असें २०२५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय अभ्यासानें दाखविलें. त्याच अभ्यासाचा एक निष्कर्ष आपल्या घरांतून मुद्दाम सांगण्याजोगा आहे. नुसता भात सोडून त्याच्या जागीं तितकीच पोळी वा भाकरी ठेविल्यानें धोका कमी झालेला दिसला नाहीं. एकंदर पिष्टान्नच कांहींसें कमी करून त्या जागीं डाळी, कडधान्यें वा दूधदुभत्यांतील प्रथिनें आणलीं, तेव्हांच लाभ दिसला. ‘मीं भात सोडला आहे’ असें अभिमानानें सांगून चार पोळ्या खाणाऱ्यांनीं हें मनावर घ्यावें.

यासाठीं परदेशी पदार्थांची गरज नाहीं. मुगाची वा मटकीची उसळ, पिठलें, दाट आमटी, ताक, पालेभाजी, कोशिंबीर हे आपलेच पदार्थ आहेत. मात्र पानांत त्यांची जागा फार चिमुकली असते आणि भाताचा ढीग मध्यभागीं विराजमान असतो. हें प्रमाण उलट करावें. जेवणाचा क्रमहि बदलावा. आरंभींच वरणभात न घेतां प्रथम कोशिंबीर व उसळ खाऊन मग भात वा पोळी खाल्ली, तर जेवणानंतरची शर्करा कमी चढते, असें लहान प्रयोगांत आढळलें आहे. उपवासाविषयीं तर काय सांगावें! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याची खिचडी, वर बटाट्याची भाजी, वर साखरेचें दूध. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण आपण खरी करून दाखवितों.

शतपावली ही आपली जुनी चाल पुन्हां घरांत यावी, पण ती शंभर पावलांवर न थांबतां दहापंधरा मिनिटें चालावी. चालणारा स्नायु इन्शुलिनची फारशी वाट न पाहतां रक्तांतील शर्करा ओढून घेतो. आहार व व्यायाम यांचें फळ कसें मिळतें, तें उंबरठ्यावरच्या लोकांवरील प्रयोगांनीं दाखविलें आहे. अमेरिकेंत २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आठवड्यास दीडशें मिनिटें चालणें व वजनांत थोडी घट एवढ्यानें नव्या मधुमेहाचें प्रमाण शेंकडा ५८ नीं घटलें. चेन्नई येथें डॉ. ए. रामचंद्रन यांनीं आपल्याच लोकांवर केलेल्या, २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ही घट शेंकडा २८.५ होती. आपल्याकडे लाभ तुलनेनें कमी, पण निश्चित.

आतां एक गोष्ट स्पष्टपणें लिहितों. एकत्र कुटुंबांत रोग्याचें पथ्य म्हणजे ‘त्यांचें वेगळें’ असें ठरून जातें. सर्वांसाठीं पुरणपोळी आणि आजोबांसाठीं कोरडी भाकरी. आठ दिवस हें चालतें. मग आजोबांचा हात पुरणपोळीकडे जातो, आणि घरांत कुरबूर सुरू होते. दुसऱ्या बाजूनें आग्रह : ‘एका मोदकानें काय होतें?’ आग्रह हें आपल्या पंक्तीचें भूषण खरें. पण मधुमेह्याच्या पानावर वाढलेला तो एक मोदक प्रेमाचें नांव घेऊन आलेला असतो, एवढाच त्यांत व एरवींच्या अपथ्यांत फरक. घराण्यांत मधुमेह असेल, तर त्याच छपराखालीं त्यांचीं मुलें व नातवंडेंहि त्याच कणगीचे वारस आहेत. मग पथ्य एकट्या आजोबांचेंच कां? साऱ्या घराचें पान बदललें तर आजोबांचें पथ्य पथ्य वाटणार नाहीं, आणि चाळिशीच्या मुलाचा उंबरठा कदाचित् ओलांडलाच जाणार नाहीं.

आणि या हिशेबांत जी नेहमीं सुटते ती गृहिणी. सर्वांचीं पथ्यें तिच्या ध्यानांत. स्वतः मात्र सर्वांच्या मागून, उरलासुरला भात वायां जाऊं नये म्हणून तोच खाऊन उठणार. तिचा रक्तदाब व शर्करा बाळंतपणानंतर पुष्कळ घरांत कोणी तपासलेली नसते. गर्भारपणांत जिची साखर वाढली होती, तिला पुढें मधुमेह होण्याचा धोका बराच अधिक असतो. तिनें तर दरवर्षीं तपासणी केलीच पाहिजे, आणि ती करविणें हें घरांतील पुरुषांचें कर्तव्य आहे.

चार सावधगिरीच्या सूचना

हा लेख वाचून कोणीं आपल्या गोळ्या बंद करूं नयेत. वर सांगितलेले अल्पाहाराचे प्रयोग डॉक्टरांच्या नजरेखालीं झाले आहेत. कांहीं गोळ्या व इन्शुलिन चालू असतां जेवण तोडलें तर शर्करा एकाएकीं घसरते. घाम, थरथर, भ्रम हीं तिचीं लक्षणें. रोगी शुद्धीवर असेल तर तत्काळ साखरेचें पाणी द्यावें. शुद्ध हरपली असेल तर तोंडांत कांहीं न घालतां इस्पितळ गांठावें. ग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनीं कडक उपवास करण्यापूर्वीं विचारून घ्यावें, कारण त्यांच्या रक्तांत आम्लता वाढण्याचा धोका असतो. अशक्त वृद्धांस वजन उतरविण्याच्या मागें लावूं नये. आणि रोगानें माघार घेतलेली असली तरी डोळे, मूत्रपिंड व पाय यांची वार्षिक तपासणी सोडूं नये.

ज्यांचा रोग पंधरावीस वर्षांचा जुना आहे, त्यांस कदाचित् माघार साधणार नाहीं. पण त्यांचें हृदय व मूत्रपिंड राखतां येतें, आणि तें थोडें नव्हे. ज्यांचें निदान नुकतेंच झालें आहे, त्यांच्या हातीं मात्र पहिलीं कांहीं वर्षें मोलाचीं आहेत. तीं ‘घराण्यांतच आहे’ एवढें म्हणण्यांत दवडूं नयेत.

वाचकांनीं आरंभ एका सोप्या गोष्टीनें करावा. प्रत्येक घरांत शिवणाच्या डब्यांत मापाची फीत असतेच. येत्या रविवारीं ती काढून आजोबांपासून सूनबाईंपर्यंत घरांतील प्रत्येक प्रौढ माणसाच्या पोटाचा घेर बेंबीच्या रेषेंत मोजावा, आणि भिंतीवरील दिनदर्शिकेवर नांवानिशीं लिहून ठेवावा. पुरुषांस ९०, स्त्रियांस ८०. ज्यांचा आंकडा पलीकडे गेला असेल, त्यांनीं त्याच आठवड्यांत रक्त तपासून घ्यावें. आणि सहा महिन्यांनीं तीच फीत पुन्हां काढावी.